वाचकांचे प्रश्न : जुना बेंच व्हाइस आणि त्याच्या जबड्यांच्या नव्या पट्ट्या

मागील अंकात हातकामाच्या जुन्या हत्यारांवर लेख आला, त्यानंतर बेंच व्हाइसविषयीच, म्हणजे टेबलावर बसवून काम घट्ट धरणाऱ्या शिकंज्याविषयीच, इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावांऐवजी गाव आणि व्यवसाय तेवढा दिला आहे.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारातून रेकॉर्ड कंपनीचा चार इंची व्हाइस घेतला. ओतकामात ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे आहेत. स्पिंडल (जबडे आवळणारा मोठा स्क्रू) फिरतो, पण जबड्यांच्या दोन पट्ट्यांपैकी एक नाहीच आणि दुसरीचे दाते पार झिजून गेले आहेत. उरलेल्या पट्टीचा एक स्क्रू निघाला. दुसऱ्याची खाच तुटली आणि तो जागीच अडकला आहे. निघालेला स्क्रू मोजला तर ७.९ मिलिमीटर भरतो, म्हणून आठ एमएमचा नवा स्क्रू आणला. तो दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. दुकानदार म्हणतो, जोर लावा, बसेल. नवी पट्टी कोठे मिळेल आणि हा स्क्रू बसवावा का? (मिरज, निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : जोर मुळीच लावू नका. आपला स्क्रू आठ एमएमचा नसून अडीच सूत व्हिटवर्थचा, म्हणजे ५/१६ इंचाचा आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेली आट्यांची पद्धत ब्रिटिश यंत्रसामग्रीत शंभराहून अधिक वर्षे चालली. त्या पद्धतीत या मापाच्या स्क्रूला इंचाला १८ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. मेट्रिक आठ एमएमला दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला वीसहून थोडे अधिक आटे, आणि कोन ६० अंश. जाडी जवळजवळ सारखी असल्याने पहिले दोन-तीन फेरे सुरळीत जातात. पुढे आट्यांची पावले चुकत जातात आणि स्क्रू अडतो. तेथे पान्हा लावून रेटले तर पोलादी स्क्रूला काही होत नाही, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भोकातले आटे मात्र कापले जातात आणि साध्या खरेदीने सुटणारे काम लेथवाल्याकडे जाते.

स्क्रूचे आटे मोजायचे असतील तर आट्यांचे गेज हवेच असे नाही. निघालेला स्क्रू पोलादी पट्टीच्या इंचाच्या बाजूला आडवा धरा आणि अर्ध्या इंचात किती शेंडे येतात ते पाहा. नऊ आले, तर तो इंचाला १८ आट्यांचा आहे. व्हिटवर्थचे काउंटरसंक (शंकूसारखे डोके पट्टीत बुडणारे) स्क्रू मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा मोठ्या शहरांतल्या जुन्या नट-बोल्टच्या दुकानांत शोधावेत. ते मिळाले नाहीत, तर त्याच मापाचा अमेरिकन यूएनसी स्क्रूही चालतो, कारण ५/१६ इंचाला त्याचेही आटे १८च आहेत. कोनात पाच अंशांचा फरक असल्याने जोड तंतोतंत बसत नाही, पण या ठिकाणी तो पुरेसा आहे. फक्त यूएनसी काउंटरसंक स्क्रूचे डोके ८२ अंशांचे असते आणि व्हिटवर्थ व मेट्रिकचे ९० अंशांचे, हे पट्टीत डोक्याची जागा करून घेताना कारागिराला आधी सांगा.

‘या ठिकाणी पुरेसा आहे’ असे म्हणण्याचे कारण नीट ध्यानात घेतले तर पुढचे बरेचसे काम आपोआप सोपे होते. व्हाइस आवळल्यावर येणारा दाब पट्टीतून तिच्या मागच्या बिडाच्या बैठकीत जातो, स्क्रूवर येत नाही. स्क्रूचे काम पट्टीला जागेवर धरून ठेवण्याचे. म्हणून स्क्रू किती भारी पोलादाचा आहे यापेक्षा पट्टी मागे सगळीकडे टेकते की नाही याला महत्त्व अधिक. पट्टीमागे दोन कडांना गंजाचा थर आणि मध्ये पोकळी राहिली, तर दर आवळण्याला पट्टी किंचित वाकते, स्क्रू ढिले होतात, आणि पाणी दिलेली, म्हणजे तापवून विझवून कडक केलेली, पट्टी असेल तर एखाद्या दिवशी भोकाशी तडकते.

आता अडकलेला स्क्रू. खाचेत साठलेली मळी आणि रंग टोकदार सुईने कोरून काढा, तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा आणि मगच खाचेच्या पूर्ण रुंदीचा व जाडीचा स्क्रू ड्रायव्हर वापरा. हातोडीच्या ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, कारण त्यात खाली दाबणे आणि फिरवणे एकाच वेळी होते. पण आपली खाच तुटली आहे, तेव्हा बहुधा डोके ड्रिल करून काढावे लागेल. मध्यावर पंच मारा आणि प्रथम तीन-चार एमएमचे, मग साडेआठ एमएमचे ड्रिल डोक्याच्या जाडीपुरतेच आत न्या. डोके कड्यासारखे सुटून ड्रिलवर फिरू लागले की थांबा. पट्टी निघाल्यावर स्क्रूचा उरलेला खुंट बैठकीबाहेर काही मिलिमीटर दिसतो. पट्टीचा ताण गेल्यामुळे तो पुष्कळदा पकडीनेही फिरतो. नाहीच फिरला, तर त्यावर एक नट ठेवून वेल्डिंगवाल्याकडून आतून टाका मारून घ्या. वेल्डिंगची ऊष्णता खुंटातच राहते आणि गंजाची पकड सुटते. बाजारात उलट्या आट्यांचे जे स्क्रू-एक्स्ट्रॅक्टर मिळतात ते या मापात वापरू नयेत असे माझे मत आहे. ते कडक पोलादाचे असतात. आत तुटले की साध्या ड्रिलने निघत नाहीत.

भोकातले आटे खराब झालेच असतील तर पुष्कळजण ते दहा एमएमला वाढवून घेण्याचा सल्ला देतात. साडेआठचे ड्रिल जुने आटे पूर्णपणे पुसून टाकते, त्यामुळे दहाचे आटे स्वच्छ पडतात हे खरे. परंतु दहा एमएमच्या काउंटरसंक स्क्रूचे डोकेच सुमारे २० मिलिमीटर रुंद असते, आणि चार इंची व्हाइसच्या पट्टीची उंची त्याच्या आसपासच असते. डोके पट्टीच्या कडेबाहेर डोकावू लागेल. त्यापेक्षा भोकात तारेचे इन्सर्ट बसवून मूळ माप राखणे बरे. आठ एमएमचे आटे मात्र त्या भोकात पाडू नका. व्हिटवर्थचे जुने आटे त्या टॅपने पुरते निघत नाहीत आणि दोन्हींची खिचडी होते.

नव्या पट्टीविषयी सांगायचे तर रेकॉर्डच्या चालू मॉडेलांसाठी तयार पट्ट्या विकत मिळतात. आपला चार इंची व्हाइस बहुधा तीन क्रमांकाचा असेल; क्रमांक ओतकामातच उमटलेला असतो, तो पाहून मागणी करा. तरीही पैसे देण्यापूर्वी लांबी, उंची, जाडी आणि दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर अशी चार मापे विक्रेत्याकडून मागवून घ्या. चार इंची व्हाइसची चार इंची पट्टी म्हणजे ती बसलीच, असे होत नाही. भोकांमधले अंतर प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते आणि जुन्या-नव्या ओतकामांतही फरक आढळतो. जुळले नाही तर पट्टी करून घ्या. त्याची रीत पुढच्या उत्तरात आली आहे.

प्रश्न : आमच्या आयटीआयच्या फिटर विभागात बारा-पंधरा जुने व्हाइस पट्ट्यांवाचून पडून आहेत. विद्यार्थ्यांकडून पट्ट्या करून घ्याव्यात असा विचार आहे. कोणते पोलाद घ्यावे, आणि भट्टी नसताना पाणी कसे द्यावे? (नाशिक जिल्हा, निदेशक)

उत्तर : विद्यार्थ्यांना याहून चांगले काम मिळणार नाही, कारण कानस, गुण्या, ड्रिल, टॅप आणि मापे या सगळ्यांची परीक्षा या एका लहान तुकड्यात होते.

पोलादाबाबत प्रथम हे ठरवा की पट्टीला पाणी द्यायचेच आहे का. सरावाच्या बाकांवर, जेथे मुले कानस मारताना दर तासाला दोनदा तरी जबड्यावर कानस आपटतात, तेथे कडक पट्टी कानशीचे दाते खाते. मऊ पट्टी स्वतः ओरखडते आणि कानस वाचवते. चार-पाच वर्षांनी ती बदलली तर खर्च एका नव्या कानशीपेक्षा फार अधिक येत नाही. अशा बाकांसाठी ईएन-८ हे मध्यम कार्बनचे पोलाद घ्यावे आणि तसेच वापरावे. त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो, ते पोलाद सहज घासले जाते, आणि साध्या माइल्ड स्टीलपेक्षा जास्त काळ टिकतो. ज्या बाकांवर छिन्नीकाम किंवा जड वाकवावाकवी होते, त्यांच्यासाठी ओएचएनएस, म्हणजे तेलात विझवून कडक करायचे हत्यारांचे पोलाद, घेऊन त्याला पाणी द्यावे. माइल्ड स्टीलला तापवून कितीही विझवले तरी ते कडक होत नाही, कारण त्यात कार्बनच पुरेसा नसतो. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असते. पण ती विद्यार्थ्यांनी एकदा कानशीने पडताळून पाहावी, म्हणजे पुन्हा सांगावी लागत नाही.

खेड्यापाड्यांतले लोहार ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा वापरतात. पोलाद चांगले असते, जाडीही सोयीची असते, पण पाटा मुळात वाकलेला आणि कडक असतो. तो लाल करून राखेत सावकाश थंड होऊ द्यावा लागतो आणि मग सरळ करावा लागतो. वर्षानुवर्षे ताण सोसलेल्या पाट्यात बारीक भेगाही असू शकतात. फुकट मिळतो म्हणून एखाददुसऱ्या व्हाइसला ठीक आहे. बारा-पंधरा व्हाइससाठी तो मार्ग धरू नये.

भोकांची जागा जबड्यावरून पट्टीवर उतरवणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. व्हर्निअरने भोकांचे मध्य मोजण्याच्या भानगडीत विद्यार्थ्यांना पाडू नका. जबड्याच्या भोकांत जातील असे दोन डोके नसलेले स्क्रू घ्या, लेथवर त्यांची टोके शंकूसारखी अणकुचीदार करा आणि ते भोकांत इतके आत बसवा की टोक बैठकीबाहेर जेमतेम एक मिलिमीटर राहील. कोरी पट्टी जागेवर धरा, वरची कड जुळवा, मधोमध जाड लाकडाचा ठोकळा ठेवा आणि त्यावर हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. पट्टीच्या पाठीवर दोन ठिपके उमटतील. त्या ठिपक्यांवरून पाठीकडूनच ड्रिल करा, मग पट्टी उलटून पुढून डोक्याची जागा करा. स्क्रूच्या मापापेक्षा भोक अर्धा मिलिमीटर मोठे ठेवा, कारण पाणी देताना पट्टी किंचित लांबी बदलते किंवा वाकते, आणि मग नेमके तंतोतंत केलेले भोक स्क्रूला आत येऊ देत नाही. डोके पृष्ठभागाच्या निदान अर्धा मिलिमीटर खाली जायला हवे. पट्टीची वरची कड बिडाच्या अंगापेक्षा केसभर उंच ठेवली तर कानस बिडाला न लागता पट्टीला लागते.

दाते पाणी देण्यापूर्वीच पाडायचे. शेपर किंवा मिलिंग मशीन असेल तर ४५ अंशांवर, सुमारे दोन मिलिमीटर अंतराने दोन्ही दिशांना उथळ चर घ्यावेत. नसेल तर तिकोनी कानशीनेही होते. मात्र प्रत्येक चराची रेघ आधी आखून घ्यावी. चर खोल करण्याचा मोह आवरा. खोल दात्यांची टोके पहिल्या काही महिन्यांत मोडतात, आणि पकड प्रत्यक्षात दात्यांच्या खोलीपेक्षा त्यांच्या सारख्या उंचीवर अवलंबून असते.

पाणी देण्याबाबत माझा स्पष्ट सल्ला असा की अंबड, भोसरी, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत उष्णता-प्रक्रियेची दुकाने आहेत, त्यांपैकी एखाद्याकडे सगळ्या पट्ट्या एकदम पाठवाव्यात आणि ५० ते ५५ रॉकवेल-सी टणकपणा मागावा. एवढ्या कामापुरती भट्टी उभारण्यात अर्थ नाही. तरी प्रात्यक्षिक म्हणून एक-दोन पट्ट्या लोहाराच्या भात्यावर करून दाखवायच्या असतील, तर पट्टी सारखी लाल होऊ द्या आणि तारेला बांधलेले लोहचुंबक अधूनमधून टेकवून पाहा. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या सुमारास चुंबकाला चिकटणे सोडते. ओएचएनएसला त्याहून थोडे वर, आठशेच्या आसपास, न्यायचे असते. तेथे सारखी तापली की पट्टी उभी धरून, टोकाच्या बाजूने, सरळ तेलात सोडा. आडवी टाकली तर एक अंग आधी थंड होते आणि पट्टी धनुष्यासारखी वाकते. तेल लोखंडी डब्यात असावे, डबा अर्ध्याहून थोडाच अधिक भरलेला असावा आणि त्याचे झाकण हाताशी असावे. ज्वाळा उठली तर झाकण हाच उपाय, पाणी नव्हे. थंड झाल्यावर जुनी कानस पट्टीवरून काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाणी नीट बसले. तेव्हा पट्टी इतकी ठिसूळ असते की हातातून फरशीवर पडली तरी मोडू शकते, म्हणून लगेच एक बाजू एमरीने चकचकीत करून ती मंद तापवावी. प्रथम पिवळसर छटा येते, मग तपकिरी, मग जांभळी. ओएचएनएसच्या पट्टीला आपल्या कामासाठी जांभळ्यापर्यंत न्यावे. लोहाराकडे पहिल्या खेपेला बहुतेकजण पिवळ्यावर थांबतात, कारण कडक म्हणजे चांगले अशी समजूत पक्की असते. पण व्हाइसच्या जबड्याला ठोके बसतात आणि तेथे चिवटपणाच उपयोगी पडतो.

पट्ट्या बसवण्यापूर्वी बैठक साफ करून तिच्यावर खुणेचा निळा रंग अगदी पातळ लावा, पट्टी दाबून पाहा आणि उंच ठिपके बारीक कानशीने उतरवा. शेवटी जबडे मिटून उजेडासमोर धरा. वरच्या कडा आधी टेकल्या आणि खाली केसभर फट राहिली तर ती चूक समजून घासू नका. स्पिंडल खाली असतो आणि काम वर धरले जाते, त्यामुळे आवळताना सरकता जबडा किंचित मागे झुकतो. ती फट आवळल्यावर मिटते. उलट खालच्या कडा आधी टेकत असतील तर मात्र पट्टीमागे, खालच्या नव्हे तर वरच्या अंगाला, पितळी पत्र्याची पातळ पट्टी घालावी लागेल.

प्रश्न : शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीचे माझे लहान दुकान आहे. पावसाळ्यात पत्र्याखाली राहिलेला मोठा व्हाइस पुरता जाम झाला. हँडलमध्ये पाइप घालून दोघांनी जोर लावला तर हँडलच वाकले. गॅसने तापवावा का? (कराड)

उत्तर : पाइप काढून ठेवा. हँडल वाकले हे एका अर्थी बरे झाले. ते वाकले नसते तर बीड तुटले असते, आणि वाकलेले हँडल नवे करता येते.

व्हाइस कोठे जाम झाला आहे ते आधी शोधा. हँडल पाव फेरा तरी मागेपुढे हलत असेल, तर स्पिंडल आणि नट मोकळे आहेत आणि सरकत्या जबड्याचा दांडा मुख्य अंगात गंजून बसला आहे. जाम झालेल्या व्हाइसमध्ये बहुधा हेच निघते, आणि लोक मात्र स्पिंडलशीच झगडत राहतात. पुष्कळ व्हाइसमध्ये बॉक्स नट (ज्यात स्पिंडल फिरतो तो) अंगाच्या खालून बोल्टने धरलेला असतो. व्हाइस टेबलावरून काढून उलटा करा, तो बोल्ट सोडवा, म्हणजे स्पिंडलचा आणि अंगाचा संबंध सुटतो. मग दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या फटीत डिझेल आणि इंजिन ऑइल समसमान मिसळून सोडत राहा. रॉकेल मिळत असेल तर तेही चालते, पण आता ते मिळणेच अवघड झाले आहे. तीन-चार दिवस रोज तेल सोडा आणि दांड्याच्या मागच्या टोकावर लाकडी ठोकळा ठेवून मध्यम वजनाच्या हातोडीने ठोका. एका जबरदस्त घावापेक्षा शंभर हलके ठोके अधिक काम करतात, कारण गंजाचा भुगा कंपनानेच सुटतो आणि तेलाला वाट मिळते.

एवढ्याने नाही सुटले तर तापवायला हरकत नाही, पण वेल्डिंगची तीव्र ज्योत एका जागी धरू नका. बाहेरचे तेल पुसून घ्या, आसपास काही पेटणारे ठेवू नका आणि मोठ्या मऊ ज्योतीने मुख्य अंग चारही बाजूंनी फिरवत तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला की पुरे. बाहेरचे अंग प्रसरण पावते, आतला दांडा मागे राहतो आणि मधली पकड ढिली होते. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका, ते तडकते.

एकदा उघडल्यावर स्पिंडलचे आटे पाहून घ्या. चौकोनी आट्यांचे माथे अजून रुंद असतील तर निश्चिंत राहा. हँडल उलट फिरवताना जो मोकळा फेरा जाणवतो तो सगळ्याच जुन्या व्हाइसना असतो आणि पकडीवर त्याचा परिणाम होत नाही. माथे सुरीच्या धारेसारखे झाले असतील तर मात्र स्पिंडल आणि नट दोन्ही नवे करावे लागतात, आणि त्या खर्चात नवा व्हाइस येतो का ते आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : समुद्र जवळ असल्याने येथे सगळ्यालाच गंज धरतो. व्हाइसचा गंज काढण्यासाठी कोणी संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड सांगतो, कोणी व्हिनेगर, कोणी बॅटरी चार्जर. यांपैकी काय करावे? (मालवण, होडीच्या इंजिनांची दुरुस्ती)

उत्तर : संडासचे अ‍ॅसिड नको. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंजाबरोबर चांगले बीडही खाते, आणि त्याची वाफ खोलीतल्या बाकीच्या हत्यारांना आठवडाभरात गंज चढवते. व्हिनेगर स्क्रू, स्प्रिंग, वायसर अशा लहान भागांना एक रात्र ठेवण्यापुरते ठीक आहे. बाहेर काढल्यावर सोड्याच्या पाण्यात बुचकळून ताबडतोब कोरडे करावे.

मोठ्या भागांसाठी चार्जरची रीत मला सर्वांत निर्धोक वाटते, कारण तिच्यात चांगले लोखंड झिजत नाही. प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घाला. व्हाइसचा भाग चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा भंगार पत्रा धन टोकाला जोडा. हे उलटे झाले तर व्हाइसच खाल्ला जाईल. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि सोड्याऐवजी मीठ घालू नका, त्यातून क्लोरीन निघतो. बुडबुडे येतात ते हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे, म्हणून काम उघड्यावर करा, जवळ विडी पेटवू देऊ नका आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करा. हल्लीचे काही स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरचा १२ व्होल्टचा चार्जर घ्यावा. गंज पत्र्यासमोरच्या बाजूचा लवकर सुटतो, तेव्हा भाग मधूनमधून फिरवावा लागतो.

बाहेर काढलेला भाग काळपट दिसेल. तारेच्या ब्रशने घासून, गरम पाण्याने धुऊन, लगेच उन्हात वाळवा आणि त्याच तासात तेल लावा. मालवणच्या हवेत उघडे बीड दुपारपर्यंतही टिकत नाही. सरकत्या दांड्याला पातळ तेल आणि ग्रीस फक्त स्पिंडलच्या आट्यांना व हँडलमागच्या वायसरला, अशी वाटणी ठेवा. दांड्यावर ग्रीस थापले की त्यात लोखंडाचा कीस चिकटतो आणि दांड्यावर एमरी घासल्यासारखे होते. घरातले खाद्यतेल वापरू नये. काही महिन्यांत ते चिकट होते.

रंगाविषयी आपण विचारलेले नाही, पण एक सूचना करावीशी वाटते. जुना रंग कोरडा घासू नका, कारण त्यात शिसे असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा लागू झाली तीच नोव्हेंबर २०१७ मध्ये. पाण्याने ओला करून किंवा रंग काढण्याच्या द्रावणाने काढा. नवा रंग पट्टीमागची बैठक, सरकता दांडा आणि व्हाइसचा तळ यांवर चढू देऊ नका. भडक निळ्या रंगात न्हालेले, पण स्पिंडलला तेलाचा थेंब न मिळालेले व्हाइस मी इतके पाहिले आहेत की रंगाचा डबा शेवटी उघडावा असेच सांगेन.

प्रश्न : व्हाइसच्या मानेपाशी बारीक रेघ दिसते. तडा आहे की ओतकामाची खूण, ते कसे ओळखावे? तडा असल्यास वेल्डिंग टिकेल का? (इचलकरंजी, यंत्रमाग दुरुस्ती)

उत्तर : रंग काढून ती जागा डिझेलने भिजवा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेले डिझेल खडूत ओढले जाते आणि काही मिनिटांत ओली, काळसर रेघ उमटते. ओतकामाची खूण कोरडीच राहते.

तडा पायाच्या कानाशी किंवा ऐरणीच्या बाजूला असेल तर निकेलच्या रॉडने, आधी सगळे अंग तापवून आणि नंतर चुन्यात किंवा राखेत सावकाश थंड करून केलेले वेल्डिंग चांगले टिकते. आपली रेघ मानेपाशी आहे आणि सगळा ताण तेथेच येतो. जुने बीड ताणाला कच्चे असते. टाका टिकला तरी त्याच्या शेजारी नवा तडा जातो. असा व्हाइस लाकूड किंवा पितळ धरण्याच्या हलक्या कामाला ठेवा, आणि पट्ट्या, स्पिंडल व नट दुसऱ्या व्हाइससाठी काढून घेता येतील का ते पाहा.

प्रश्न : पितळेच्या समया आणि नळ दुरुस्त करतो. दात्यांचे वळ उठतात. गुळगुळीत पट्ट्या बसवाव्यात का? (ठाणे)

उत्तर : आपल्या कामाला गुळगुळीत आणि पाणी न दिलेल्या पट्ट्याच योग्य. दात्यांच्या पट्ट्या काढायच्या नसतील तर तांब्याचा दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा काटकोनात वाकवून दोन्ही जबड्यांवर टोपीसारखा बसवा. अ‍ॅल्युमिनियमचा अँगलही चालतो. फक्त त्यात लोखंडाचे कण रुततात आणि मग तेच पितळेवर ओरखडे काढतात, म्हणून लोखंडाच्या कामाला तो अँगल वापरू नका.

प्रश्न : व्हाइस दुरुस्त झाला. टेबलावर किती उंचीवर आणि कोठे बसवावा? (सोलापूर)

उत्तर : सरळ उभे राहून हात कोपरात वाकवा, जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला यावी. घरात कानस मारणारे दोघे असतील तर उंच माणसाच्या मापाने बसवा आणि दुसऱ्याला पायाखाली फळी द्या. स्थिर जबड्याची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर थोडी आलेली असावी, म्हणजे लांब गज उभा धरला तर तो टेबलाला न अडता खाली जमिनीपर्यंत जातो. टेबलाच्या पायाजवळ बसवलेला व्हाइस मध्यावर बसवलेल्यापेक्षा कमी थरथरतो. लाकडात लाकडी स्क्रूंवर विसंबू नका. आरपार बोल्ट घ्या आणि खालून मोठे चौकोनी वायसर किंवा पाच-सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी द्या. बोल्ट आवळण्यापूर्वी तळाखाली चारही कानांशी कागदाची पट्टी सरकवून पाहा. एखाद्या कानाखाली ती सैल जात असेल तर तेथे पत्र्याचा तुकडा घाला, कारण उंचसखल टेबलावर तिन्ही बाजू टेकल्या असताना चौथा बोल्ट आवळला की बिडाचा कान तुटतो.